वरचं दीड फूट

आमच्या घराची मागची भिंत पुरात पडली नाही. पूर ओसरून पंधरा-वीस दिवस झाल्यावर, चांगलं कडक ऊन पडल्यावर ती पडली. पुढं चार वर्षं आम्ही जे भोगलं ते एवढ्या एका कारणानं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आमचं गाव निपाणीकडं, कर्नाटकातल्या सीमाभागात, वेदगंगेच्या काठाला. मी टेलर. शाळेचे ड्रेस, ब्लाउज, दिवाळीला थोडंफार सुटाचं काम. वडील 2011 साली गेले. आई निपाणीच्या विड्यांवर चाळीस वर्षं राबलेली. गळ्यात माळ, कार्तिकीला पंढरपूर, लिहिता-वाचता येत नाही. घर आजोबांनी बांधलेलं, मातीच्या भेंड्यांचं, वर खापऱ्या.

5 ऑगस्ट 2019. नागपंचमी होती. आई पाटावर मातीचा नागोबा मांडून बसली होती आणि गल्लीच्या तोंडाला पाणी आलं होतं. आमच्याकडं पाणी नवीन नाही. 2005 ला आलेलं मी बघितलंय. पाटगावकडं घाटात पाऊस धरला की दोन दिवसांत वेदगंगा फुगते, मग अकोळ-सिदनाळ, जत्राट-भिवशी असे पूल एकामागून एक पाण्याखाली जातात आणि लोक काठावर उभं राहून बघतात. या वेळी बघायला थांबायची सोय नव्हती. यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं, पुणे-बेंगळुरू वाहतूक ठप्प झाली. आम्ही दोन फेऱ्यांत जेवढं उचललं तेवढं उचलून शाळेत गेलो. शिलाई मशीन उचललं, त्याचं लोखंडी स्टँड राहिलं. गिऱ्हाइकांची कापडं राहिली, त्याचे पैसे मी पुढं दीड वर्ष फेडत होतो. नागोबा पाटावरच राहिला.

शाळेत जी सोय होती तिला तेव्हा सगळे गंजी केंद्र म्हणत. पुढच्या पुराला त्याचं नाव काळजी केंद्र झालं. भात-आमटी तीच.

परत आलो तेव्हा आत छातीएवढ्या उंचीला, साडेचार फुटांवर, तपकिरी रेघ होती. सगळ्या घराला एकसारखी, ओळंब्यात मारल्यासारखी. पण चारही भिंती उभ्या होत्या. आईनं उंबऱ्यावर हात ठेवून नमस्कार केला. चार दिवसांनी पंचनाम्याला तिघेजण आले, दहा मिनिटं थांबले, फोटो काढले, गेले.

मातीच्या भिंतीचं असं असतं, की पाण्यात असते तोवर ती फुगून एकमेकीला धरून राहते. खरा धोका वाळताना. बाहेरचं अंग उन्हानं आकसतं, आतलं ओलंच राहतं, आणि मग ती पोटातून फाटते. हे कुठल्याही म्हाताऱ्या गवंड्याला माहीत आहे. सरकारी फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. गणपतीला चार दिवस होते. दुपारी मी मशीनला तेल देत होतो. मागं पोतं टाकल्यासारखा आवाज आला. मागची भिंत अख्खी, आणि तिच्याबरोबर बाजूच्या भिंतीचा निम्मा भाग, स्वयंपाकघरात झोपला होता. आई तेवढ्यात पाणी आणायला नळावर गेली होती.

लोक म्हणाले, देवानं वाचवलं. मला ते तेव्हा पटलं. आठ दिवसांनी यादी लागली आणि पटायचं बंद झालं.

यादीची भानगड थोडक्यात सांगतो. घर 75 टक्क्यांवर पडलं असेल तर ‘अ’, 25 ते 75 मध्ये ‘ब’, 15 ते 25 मध्ये ‘क’. ‘अ’ला पाच लाख, हप्त्याहप्त्यानं, घर जसं वर येईल तसं. ‘क’ला पन्नास हजार. यादी कन्नडमध्ये. मी कन्नड बोलतो, बाजारापुरतं चांगलं बोलतो, पण अक्षर वाचता येत नाही. माझी मुलगी तेव्हा पाचवीत, मराठी शाळेत, पण तिथं कन्नड शिकवतात. तिनं बोट ठेवून वाचलं. आजोबांचं नाव वाचलं, घर नंबर वाचला, आणि पुढं एका शब्दाशी अडखळली. ‘भागशः’. “बाबा, भागशः म्हणजे?”

म्हणजे थोडंसं. अंशतः. आम्ही ‘क’मध्ये होतो.

आमच्या वरच्या अंगाला एकजण राहतात. स्लॅबचं घर, त्यात पाणी शिरलंसुद्धा नाही. जनावरांच्या गोठ्याची एक बाजू पडली होती. त्यांचं नाव ‘अ’मध्ये. कसं ते सगळ्या गावाला माहीत, आणि लेखी कुणाकडंच काही नाही. मी इथं नाव घेणार नाही. एवढं सांगतो, की विठ्ठलाच्या देवळात भजनाला वीणा त्यांच्या गळ्यात असते, आणि मी त्यांच्या उजव्या हाताला टाळ धरून पंधरा वर्षं उभा राहिलेला माणूस आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी भजनाला गेलो नाही.

आईनं आठवडाभर काही विचारलं नाही. मग एका संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, “त्येच्या गळ्यात वीणा हाय म्हणून तू टाळ ठिवलास व्हय? टाळ कुणाचा? त्येचा का तुझा?”

मी चिडलो. म्हणालो, सगळं देवाच्या हातात आहे म्हणतेस ना, मग पाणीपण त्याच्याच हातात. यादीपण त्याच्याच हातात. मग त्यानं हे बरोबर केलं का?

“मला काय इचारतूस? मी काय त्येची कारकून हाय? देवळात जा आनि त्येलाच इचार.”

याच सुमारास गावात कीर्तन झालं. बाहेरगावचे बुवा होते. त्यांनी पुराचा विषय काढला आणि प्रारब्ध सांगितलं. मागल्या जन्मीचं जे असतं ते फेडावं लागतं वगैरे. बायकांत बसलेली आमची आई घरी येईपर्यंत गप्प होती. दारात चप्पल काढताना म्हणाली, “प्रारब्ध म्हनं! खालच्या गल्लीतल्या चाळीस घरांनी एकाच टायमाला केलतं व्हय पाप?” तिच्या तोंडून मी देवाधर्माच्या माणसाविरुद्ध ऐकलेलं हे पहिलंच वाक्य. तुकोबांची एक बायको दुष्काळात अन्न अन्न करून गेली, दुकान बुडालं, आणि ते विठोबाशी उभ्या जन्मात भांडत राहिले, हे तिला कीर्तनं ऐकून ऐकून पाठ. तिचं म्हणणं एवढंच, की तुकोबांना कुणी पापी म्हणालं नाही, मग आम्हाला का?

तर मी खरंच देवळात गेलो. रात्री साडेदहाला. भजन संपून सगळे गेल्यावर, म्हणजे कुणाचं तोंड बघायला नको.

आमच्या देवळातही पाणी शिरलं होतं. विठोबाच्या कंबरेपर्यंत. कमरेवर हात ठेवून तो उभा आणि पाणी नेमकं हातांना लागलेलं. पूर ओसरल्यावर गावानं मूर्ती धुतली होती, पण कोपर आणि कंबर यांच्या मधल्या खाचेत गाळ तसाच राहिला होता, वाळून दगडासारखा झालेला. बॅटरीच्या उजेडात मला तो दिसला. मी भांडायला म्हणून गेलो होतो. काय बोलायचं ते रस्त्यानं जुळवून गेलो होतो. तिथं बसलो आणि खिशात बॉबिन काढायची बारकी सळी होती, तिनं तो गाळ कोरत बसलो. अर्धा तास तरी. बोललो काहीच नाही. रागही गेला नाही, ते स्पष्ट सांगतो. घरी आलो, झोप लागली, इतकंच. यादी लागल्यापासून पहिल्यांदा.

सकाळी आईनं माझ्या हातात पिशवी दिली. जुनी, विड्यांच्या कारखान्याला न्यायची. आत उतारा, रेशन कार्ड, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, फोटो. “जा कचेरीत.”

इथं विड्यांचं थोडं सांगायला पाहिजे. सुपात पानं घेऊन, कात्रीनं कापून, तंबाखू भरून, दोरा बांधून आई दिवसाला हजाराच्या घरात विड्या वळायची. पंचवीस-पंचवीसचे कट्टे. कारखान्यात तपासणारा बसलेला असायचा. तो हातात कट्टा घ्यायचा, दाबून बघायचा, आणि मनाला येईल तेवढ्या बाजूला काढून टाकायचा. वाईट म्हणून. त्याची मजुरी नाही. कधी खरंच सैल असायच्या, बऱ्याचदा नसायच्या. लहानपणी मी तिच्याबरोबर गेलोय आणि तिच्या चांगल्या विड्या बाजूला पडताना बघितल्यात. ती भांडायची, चांगली भांडायची. एखादा कट्टा परत घ्यायला लावायची, बाकीचे जायचे. आणि घरी आल्यावर हातपाय धुऊन पहिलं काम काय, तर उद्याची पानं भिजत घालायची. मी विचारायचो, एवढ्या काढल्या तरी? “काढल्या तर काढल्या. पान भिजाय रात जाती.” हेच ती आता मला न बोलता सांगत होती, हे मला खूप नंतर लक्षात आलं. तेव्हा मला नुसती कटकट वाटली.

कचेरी कुठली ते लिहीत नाही. सगळ्या सारख्याच. पहिल्या दिवशी कळलं की फेरपंचनाम्याला अर्ज मालकानं करायचा असतो, आणि उताऱ्यावर मालक म्हणजे माझे आजोबा, जे मी तिसरीत असताना वारले. वडिलांचं नावसुद्धा कुणी चढवलेलं नव्हतं. म्हणजे आम्ही ‘क’मध्ये होतो तरी ते पन्नास हजार जमा होणार होते ते एका मेलेल्या माणसाला.

मग वंशावळ. त्यासाठी दोन्ही मृत्यूचे दाखले. आजोबांचा दाखला नव्हताच, तो काढायला वेगळी फेरी. चुलत्यांची संमती. बहीण कागलला दिलेली, ती सही करायला येणार तर तिचे पाहुणे म्हणणार, तिकडं महाराष्ट्रात असं झालं, इतकं मिळालं, तुमच्याकडं इतकं का नाही. सीमेवर राहणाऱ्याला हे ऐकून घ्यायची सवय असते. कर्नाटकात काही अडलं की पलीकडचे म्हणतात आमच्याकडं या, आणि पलीकडं गेलं की ते म्हणतात तुम्ही तिकडचे.

“नाळे बन्नी,” उद्या या. हे दोन कन्नड शब्द मी त्या चार महिन्यांत किती वेळा ऐकले याची मोजदाद नाही. एकदा वैतागून आईला म्हणालो, सगळा कागद कन्नडमध्ये, आत काय लिहिलंय तेसुद्धा कळत नाही, सही मात्र आपली. आई म्हणाली, “तुला कळंना, विठोबाला कळतंय की. त्यो कानडीच हाय.” म्हणाली आणि स्वतःच हसली.

एक मात्र नोंदवायलाच हवं. त्याच कचेरीत एक कन्नड बोलणारा तरुण कारकून होता. आईला “अज्जी” म्हणायचा. त्यानं सांगितलं, ढिगारा उचलू नका, पुरावा तोच. फेरपंचनामा होईपर्यंत भिंत जिथं पडलीय तिथंच असू दे. म्हणून सप्टेंबर ते फेब्रुवारी आम्ही पुढच्या एका खोलीत, मध्ये ताडपत्री लावून, स्वतःच्या पडलेल्या घराशेजारी राहिलो. तातडीचे दहा हजार मिळाले होते ते पत्रे, ताडपत्री आणि पिठात गेले. आईनं त्या ढिगाऱ्यावर भोपळ्याचं बी टोचलं. गाळाची माती, काय सांगावं, वेल असा माजला की ढिगारा दिसेना. फेब्रुवारी 2020 ला इंजिनिअर आला तेव्हा वेल बाजूला सारून सारून त्याला भिंत दाखवावी लागली. जाताना आईनं त्याला भोपळा दिला. त्यानं घेतला नाही. नियमात बसत नाही म्हणाला. आईला त्याचं फार वाईट वाटलं.

त्या पंचनाम्याला पंच म्हणून शेजाऱ्याची सही लागत होती. मी दुसऱ्या कुणाला तरी बोलावणार होतो. तेवढ्यात वरच्या अंगाचे ते वीणेकरी स्वतःहून खाली आले, कागद घेतला, “भिंत पाण्यामुळंच पडली, मी बघितलंय” असं इंजिनिअरला तोंडानं सांगितलं आणि सही केली. माझ्याकडं बघितलं नाही. मीही नाही. त्यांनी ते का केलं, मला आजही सांगता येत नाही. कीर्तनातल्या गोष्टीत असतं तसं पुढं त्यांचं वाईट काही झालं नाही. त्यांच्या म्हशी दूध देतात, मुलगा बेळगावात नोकरीला आहे. पाच लाखांतून गोठा मात्र झकास बांधलाय.

खातं आईच्या नावावर काढायचं तर अंगठा पाहिजे. निपाणीला आधारच्या सेंटरात तिला घेऊन गेलो. मशीनवर उजवा अंगठा ठेवला. नाही. डावा. नाही. मग एकेक बोट. पोरगा म्हणाला, आजी जोरात दाबा. तिनं दाबलं. ओल्या फडक्यानं पुसून, पुन्हा. मी तिचा हात हातात घेऊन बघितला. पान धरायच्या आणि विडीचं तोंड दुमडायच्या बोटांच्या टोकांना रेघाच नव्हत्या. गुळगुळीत. गारगोटीसारख्या. चाळीस वर्षांत पानानं पुसून नेलेल्या. मी जन्मभर त्या हातची भाकरी खाल्ली, मला हे कधी दिसलं नव्हतं.

सेंटरच्या बाहेर येऊन मी पायरीवर बसलो आणि त्या दिवशी मी देवाला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. आई शेजारी बसली. ‘असं बोलू नये’ म्हणाली नाही. बराच वेळ ती स्वतःच्या बोटांकडं बघत होती. मग म्हणाली, “चल, चा पिऊ.” चहा पिऊन पुन्हा आत गेलो, डोळ्यांवर घेतलं, ते लागलं.

मार्चमध्ये लॉकडाऊन. कचेऱ्या बंद, नोंदी बंद. त्या वर्षी आषाढीला पायी वारी झाली नाही, पादुका बसमधून गेल्या. कार्तिकीचंही तेच. आई म्हणाली, “ऱ्हाऊंदे त्येला यंदा निवांत. रोज लाख लाख माणसांचं गाऱ्हानं ऐकून कान किटलं असतील.” मी त्या काळात मास्क शिवले. शेकड्यांनी. शिलाईवर घर चाललं, हे देवाचं देणं म्हणावं का, मला माहीत नाही. ज्या रोगानं माणसं जात होती त्याच रोगानं माझी चूल पेटत होती. याचा हिशोब मी लावत बसलो नाही. लावला असता तर लागला नसता.

2020 च्या शेवटी नाव ‘अ’मध्ये आलं. जानेवारीत पहिला लाख जमा झाला. मुलीनं मोबाइलवरचा मेसेज दोनदा वाचला. एप्रिल-मेमध्ये जुनी भिंत, भोपळ्याचा वेल, सगळं उचलून पाया खणला. पंचायतीच्या माणसानं पायाजवळ उभं करून आईचा फोटो काढला, तो जीपीएसचा असतो, त्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही.

20 जुलै 2021 ला आषाढी एकादशी झाली. तिसऱ्या दिवशी पाणी आलं.

पुन्हा यमगर्णीला हायवे बंद, पुन्हा शाळा. फुटभर वर आलेलं दगडकाम चार दिवस पाण्याखाली. आमची हानी म्हटली तर थोडी, सिमेंटची चौदा पोती आणि वाळूचा ढीग. पण माझ्यातलं काहीतरी त्या दिवशी बसलं. शाळेच्या व्हरांड्यात मी आईला विचारलं, आता काय म्हणतेस? खोचून विचारलं, खोटं कशाला सांगू.

ती पाण्याकडं बघत होती. म्हणाली, “कळंना बाबा मला. त्येचं त्येला ठावं.” आणि थोड्या वेळानं, “पानी उतरलं की लिंबाच्या झाडाला खूण कर. किती आलतं ती.”

ती खूण पुढं कामाला आली. गवंड्यानं जोतं दोन फुटांचं धरलं होतं, सगळ्यांचं असतं तसं. त्यानं ओळंबा, नळी लावून हिशोब केला. 2019 चं पाणी पुन्हा आलं तर आत शिरू नये यासाठी जोतं साडेचार फूट पाहिजे. तेवढा दगड, मुरूम भरायचा म्हणजे स्लॅबचे पैसे जोत्यातच जाणार. मी, बायको, गवंडी असे पायात उभे राहून आकडेमोड करत होतो. आई आली, पायात उतरली, सरळ उभी राहिली आणि कमरेला हात लावून म्हणाली, “हितवर.”

गवंडी म्हणाला, “आजी, ते तीन फूट होतंय. वरच्या दीड फुटाचं काय?”

“तेवढं इठोबाला ठिवा.”

गवंडी हसला. मी टेप धरली. तीन फूट म्हणजे आमच्या पैशाला जेवढं परवडत होतं त्याच्या अगदी काठाला, ते तिला कसं कळलं कुणास ठाऊक. कदाचित कळलं नसेल, तिची कंबरच तेवढी असेल.

स्लॅब झाला नाही. पत्रे आहेत. शेवटचा हप्ता 2023 मध्ये आला. त्याच वर्षी मी पुन्हा भजनाला जायला लागलो. का ते विचारू नका, मुलगी पेटी शिकायला जात होती, तिला रात्री आणायला जायचो, दारात उभा राहायचा कंटाळा आला. वीणेकऱ्यांच्या उजव्या हाताची जागा मोकळीच होती. अजून आम्ही फार बोलत नाही.

जुलै 2024 ला पूल पुन्हा बुडाले, गल्लीत पाणी आलं, तिसऱ्या पायरीला टेकलं आणि दोन दिवसांनी मागं गेलं. आई वर उंबऱ्यात बसून बघत होती. पायऱ्या एकूण सहा आहेत. तिचे गुडघे आता धरतात. देवळातून येताना एकेक पायरी चढताना ती कण्हते आणि शिव्या घालते. विठोबाला नव्हे, मला. एवढं उंच कशाला बांधलंस म्हणून.